निजलेली जमीन

इथिओपियाच्या पश्चिम टोकाला गाम्बेला नावाचा प्रांत आहे. तिथे मी दोन वर्षं एका कंपनीच्या भातशेतीवर सुपरवायझर होतो. गावात अजून विचारतात, "सिंह बघितलास का रे?" सिंह कसला डोंबलाचा! सपाट, उकडणारा मुलूख, मधून बारो नदी, काठाला आंब्याची झाडं. हो, आंबेच. नदीकाठचे अन्युआक लोक मका-ज्वारी पिकवतात, गवताळ भागातले नुएर गुरं राखतात. आमच्या मुरबाड तालुक्यापेक्षा ऊन जास्त, बाकी पोट सगळ्यांना सारखंच.

कंपनीला रिकामी जमीन हवी होती आणि यादी मी करायची होती. एका गवत माजलेल्या तुकड्यावर एक अन्युआक म्हातारी आडवी आली. दुभाषा म्हणाला, "ती म्हणते, जमीन तीन पावसाळे विसावा घेतेय. पुढच्या वर्षी ज्वारी पेरणार."

जमीन विसावा घेते, हे मला दुभाष्याने सांगायची गरज नव्हती. धसईला, माझ्या गावी, आमची डोंगरउतारावर वरकस जमीन आहे. दोन-तीन वर्षं नाचणी-वरी घ्यायची, मग तेवढीच वर्षं जमीन सोडून द्यायची. लहानपणी मी विचारलं होतं, "औंदा का नाय पेरत?" आई म्हणाली, "दमलीय ती. निजू दे." आणि त्याच बाईच्या पोराने, म्हणजे मी, कागदावर लिहिलं: पडीक. साहेबाला तेच हवं होतं, मला नोकरी हवी होती. म्हातारीपुढे मात्र मान हलवली, मोठ्या समजूतदारपणे. लाज कोळून प्यालो, दुसरं काय!

आठवड्यात तिथे ट्रॅक्टर फिरला. पुढे पुरात भात बुडालं, कंपनीने गाशा गुंडाळला. म्हातारीला जमीन परत मिळाली का, हे मी विचारलंसुद्धा नाही.

यंदा धसईला नव्या रस्त्याची मोजणी आली. पिकाची जमीन वगळायची, पडीकातून रस्ता न्यायचा, असं ठरलेलं. आमच्या वरकसात गुडघाभर गवत. आई काठी टेकत वर चढली. "पडीक नाय रे बाबा, निजलीय ती. पुढल्या साली नाचणी हाय."

मोजणीवाला माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही सांगा." मी हात जोडून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

उतरताना आई खुशीत होती. "भला माणूस हाय रे. समजलं त्याला."

समजलं होतंच. गाम्बेलात मलाही समजलं होतं.