पपईचा गोलकीपर

वडील सुलतान बाजारात कापडाचे गठ्ठे वाहायचे. आमच्या घरी फळ यायचं ते कुणी आजारी पडलं तरच. त्यामुळे नारायणगुड्याच्या कॉलेजात जाताना वाटेतल्या फळवाल्याच्या गाड्यावर मी फक्त फुटबॉल बघायचे.

रोज सकाळी तो शहरातल्या एका जुन्या क्लबचे आजवरचे सर्वोत्तम अकरा खेळाडू मांडायचा. हिवाळ्यात पेरूंचे, उन्हाळ्यात आंब्यांचे. गोलला मात्र बारा महिने पपई. तिच्यापुढे दोन, मग तीन, सगळ्यात पुढे पाच. एकेक फळ फडक्याने पुसायचा, मान तिरकी करून बघायचा, मगच जागेवर ठेवायचा. गिऱ्हाईक नेमकं त्यांतलंच मागायचं.

"उसकू हात नक्को लगाव, हाफबॅक है!" तो ओरडायचा.

तेव्हा स्टिकरवाली परदेशी सफरचंदं नवीनच आली होती. ती टोपलीतच राहायची. "ये बेंच पे बैठेंगे."

माझ्या शेवटच्या परीक्षेआधी वडील म्हणाले होते, "नापास झालीस तर शिलाईला बसायचं." निकाल बघून परतताना माझी चाल पाहूनच फळवाल्याने ओळखलं.

"पास?"

"हौ, चाचा."

त्याने पुढच्या रांगेतला मधला आंबा, म्हणजे सेंटर फॉरवर्डच, उचलून माझ्या ओढणीत टाकला.

"और तुमारी टीम?"

"दस में भी जीतते अपने लोगां. जा, अम्मा कू खिला."

त्या संध्याकाळी कुणीही आजारी नसताना आमच्या घरी आंबा कापला. मी बी.कॉम. झाले होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर.