रजेचा रकाना

जनरलसाहेबांना मी फक्त फोनवर पाहिलं, तेही बहुतेक वेळा अर्धा चेहरा आणि बाकी छत. उभा जन्म हुकूम सोडण्यात गेलेल्या त्या म्हाताऱ्याला फोन काही सरळ धरता येत नसे. ते इराकमधले कुर्द. त्यांची मुलगी हिंदी शिकायला वर्ध्याला आली आणि नालवाडीत आमच्या वरच्या खोलीत राहिली. मला ताई म्हणायची, माझ्या बाबांना बाबा.

बाबा फौजेत कारकून होते. सगळी नोकरी जवानांची सर्व्हिस बुकं लिहिण्यात गेली. भरती, बदली, जखम, लग्न, मूल, रजा. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असा त्यांचा खाक्या. माझं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी आधी तारीख विचारली होती.

जनरलसाहेबांचं सर्व्हिस बुक नाही हे कळलं तेव्हा बाबा हादरलेच. "एवढा मोठा जनरल, अन् सर्व्हिस बुक नाई? काऊन नाई?" मुलीने फोनवर विचारलं. जनरलसाहेब हसले आणि मग बराच वेळ खोकले. डोंगरात लढताना कागद ठेवायची सोयच नव्हती, म्हणाले. यादी सरकारच्या हाती लागली की त्यातल्या प्रत्येकाचं गाव जाळलं जायचं. म्हणून सगळं डोक्यात.

"तो माणूस बिमार हाये," बाबा मला म्हणाले. "डोक्यातलं डोक्यासंगच जाईन." दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बाजारातून त्यांनी लांब रजिस्टर आणलं आणि पट्टीने रकाने आखले.

मग दर रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये कुर्दी डोंगर उभे राहू लागले. जनरलसाहेब कुर्दीत बोलत, मुलगी हिंदीत सांगे, बाबा मराठीत लिहीत. चौदाव्या वर्षी खेचरावरून चिठ्ठ्या पोचवणारा पोरगा. विशीत चाळीस माणसांचा म्होरक्या. बर्फातून सरहद्दीपलीकडे पळून जाणं, परक्या देशात काढलेली वर्षं. परतल्यावर आपल्याच माणसांशी झालेली लढाई. ती त्यांनी दोन वाक्यांत आटपली. शेवटी खांद्यावर तारे, रीतसर फौज, काळ्या झेंडेवाल्या दहशतवाद्यांशी मोठं युद्ध. त्यात त्यांचा थोरला मुलगा गेला. मुलगी म्हणायची, भाऊ स्वतःहून टेकडीवर थांबला होता. घरी सगळ्यांना तेच माहीत होतं. आई त्याच अभिमानावर उरलेले दिवस जगली.

शेवटचा रकाना बाबांच्या स्वतःच्या डोक्यातला होता. कुठल्याच सर्व्हिस बुकात तो नसतो. 'नाकारलेल्या रजा.' बाबांची आई गेली तेव्हा एका साहेबाने त्यांची रजा नाकारली होती. साहेब कसा आहे हे त्याने कोणाला घरी जाऊ दिलं नाही यावरून कळतं, असं ते तेव्हापासून म्हणत.

त्या रविवारी मी अल्लीपूरहून आलेल्या तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बाबांनी त्या रकान्याचा प्रश्न विचारला. जनरलसाहेब खूप वेळ बोलले, थांबत थांबत. मुलगी ऐकत राहिली. मग म्हणाली, "कोई नहीं, बाबा."

बाबांनी 'निरंक' लिहिलं. "भला माणूस हाये," माझ्याकडे पाहून म्हणाले.

मी चहा करायला गेले तर ती मागे आली आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, भाऊ वडिलांच्याच हाताखाली होता. त्याला मुलगी झाली होती, चार दिवसांची रजा मागत होता. इतरांना रजा नाही तर माझ्या मुलाला कशी देऊ, म्हणून वडिलांनी नाकारली. दुसऱ्या दिवशी तो टेकडीवर मेला. वडिलांनी हे आज पहिल्यांदा कोणाला सांगितलं, आणि तिने त्याचं केलं 'कोई नहीं'.

"राहू दे," मी म्हणाले. "आज नको. पुढं सांगशील." मला वाटलं, मी शहाणपणा केला.

पुढच्या रविवारी जनरलसाहेबांनी सगळं वाचून दाखवायला सांगितलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले. ते वाचत गेले, ती सांगत गेली. 'नाकारलेल्या रजा, निरंक.' तिने एवढासा एक शब्द उच्चारला. जनरलसाहेबांनी फोन सरळ केला. त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण चेहरा दिसला. ते लेकीकडे बघत थांबले. बराच वेळ थांबले. मग काहीतरी म्हणाले.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"शुक्रिया," ती म्हणाली. खरं तर ते म्हणाले होते, तुझी मर्जी, बेटा; हे तिने मला नंतर सांगितलं.

त्यानंतरचा रविवार आलाच नाही. गुरुवारी ते गेले, त्याच दिवशी त्यांना पुरलं. ती विमानाचं तिकीटही शोधू शकली नाही. बाबांनी मेणबत्ती लावली आणि आमच्या घरात कोणी गेल्यावर म्हणतात तसं त्रिशरण म्हटलं. ते संपल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं.

बाबा माझ्याकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"हो."

"अन् मले खोटं लिहू देलं. त्या माणसानं एकदा तोंड उघडलं होतं पोरी, एकदाच."

मला आजही स्वतःचा संताप येतो. एक आठवडा होता माझ्या हातात.

सर्व्हिस बुकात खाडाखोड चालत नाही. बाबांनी 'निरंक'वर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर बारीक अक्षरांत लिहिलं: एक अर्ज, चार दिवस, अर्जदार स्वतःचा मुलगा, नामंजूर. शेजारी सही केली.

"पढ़िए," ती म्हणाली.

तिने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पडदा काळाच होता. बाबांनी ती ओळ हिंदीत वाचली आणि तिने ती कुर्दीत सांगितली. मग त्या रविवारी गाळलेलंही सगळं सांगितलं. मला कुर्दी येत नाही, पण या वेळी तिने काहीच सोडलं नाही हे कळत होतं. सांगून झाल्यावर ती फोनकडे बघत थांबली, जनरलसाहेब थांबले होते तेवढा वेळ.