नावाआधी ‘कै.’

डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाला हृदयाचा त्रास?” माझा नवरा हसत म्हणाला, “वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले. बाकीच्यांचं माहीत नाही.” तो तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. जिना चढताना छातीत ओढल्यासारखं होतं, म्हणून मीच त्याला ढकलत दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीची चिठ्ठी दिली. घरी येऊन त्यानं ती फ्रिजवर मॅग्नेटखाली अडकवली आणि म्हणाला, “स्वीट ॲज.” या देशात ‘काळजी नको’ म्हणायला एवढे दोन शब्द पुरतात. मला पुरले नाहीत.

मी पुण्याची. शिकायला ऑकलंडला आले, माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात नोकरीला लागले आणि या आयरिश वंशाच्या माणसाशी लग्न केलं. आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न, मूळ गाव कुठलं? याला एवढंच ठाऊक की पणजोबा आयर्लंडहून बोटीनं आले. आजोबा त्याला आठवतही नव्हते. या बेफिकिरीचा मला आधीपासूनच राग यायचा, आता त्यात भीतीची भर पडली. ‘बाकीच्यांचं माहीत नाही’ म्हणजे काय? सासूबाईंना विचारता आलं असतं, पण ऐन तरुणपणी नवरा गेलेल्या बाईपुढे मरणाचा विषय कोणत्या तोंडानं काढायचा?

म्हणून मी स्वतःच शोधायला लागले. जेवणाच्या सुट्टीत एका हातानं डबा खायचा आणि दुसऱ्या हातानं जुनी वर्तमानपत्रं, चर्चच्या वह्या, मृत्यूच्या नोंदी असं सगळं नेटवर चाळायचं. धागा पटकन हाती लागला. त्या घराण्यात दोनच नावं आलटून पालटून चालत आलेली: पणजोबांचं नाव माझ्या सासऱ्यांना, आजोबांचं माझ्या नवऱ्याला. हे मला अगदी घरचं वाटलं. माझ्या भावालाही आजोबांचं नाव ठेवलंय, ते वारल्यावर वर्षभरात. हयात माणसाचं नाव नातवाला कोण ठेवेल? मग त्या कार्ट्याला रागवायचं कसं? तेव्हा नातवाच्या जन्माआधीच आजोबा गेले असणार, हे मी धरूनच चालले. सासऱ्यांच्या जन्माआधीच्या नोंदींत पणजोबांच्या नावाचा माणूस शोधला. सापडला. वय एकोणचाळीस, हृदय बंद पडून. मग नवऱ्याच्या जन्माआधीच्या नोंदींत आजोबांच्या नावाचा शोधला. तोही सापडला. वय चाळीस, कारण तेच.

माझी पाचावर धारण बसली. घरी येऊन एका कागदावर वयांसकट वंशावळ काढली आणि सवयीनं तिघांच्याही नावाआधी ‘कै.’ लिहिलं. आमच्या शाळकरी मुलीनं विचारलं, ही खूण कसली? म्हटलं, जे देवाघरी गेले त्यांच्या नावाला लावतात. त्या तिघांच्या खाली माझ्या नवऱ्याचं नाव होतं. त्याच्यापुढे मी काहीच लिहिलं नाही, पण नजर तिथंच जात राहिली.

त्या रविवारी अवोन्डेलच्या बाजारात तो कुमाऱ्यांची, म्हणजे इथल्या रताळ्यांची, पिशवी उचलून चालता चालता मध्येच थांबला. विक्रेत्याला ‘किया ओरा’, माओरीतला नमस्कार, म्हणायला थांबला होता, पण मी मेथीची जुडी हातात धरून त्याचे ओठ निळे पडलेत का ते बघत होते. मन चिंती ते वैरी न चिंती. तरी मी चिठ्ठीचा विषय काढला नाही. तपासणी केली तर माझा कागद खरा ठरेल, याचीच मला भीती होती. तो आळसानं टाळत होता आणि मी भीतीनं. दोन महिन्यांत चिठ्ठीवर आमटीचा डागही पडला.

मग शाळेनं मुलीला ‘फाकापापा’ करून आणायला सांगितलं. फाकापापा म्हणजे माओरी भाषेत वंशावळ. तिनं माझाच कागद रंगीत पेनांनी मोठ्या तक्त्यावर उतरवला आणि पापाकुराला आजीकडे गेलो तेव्हा टेबलावर पसरला. सासूबाईंना सगळे नावानं हाक मारतात. मला ते अजून जमत नाही, मी ‘मम’ म्हणते. मम चष्मा लावून वाचू लागल्या आणि मलाही तक्ता पहिल्यांदाच नीट दिसला. माझ्या नवऱ्याच्या नावाआधी जांभळ्या अक्षरात ‘कै.’ लिहिलेलं होतं.

“हे का लिहिलंस?” माझा आवाज इतका चढला की पोर दचकली.

“बट इट्स द सेम नेम, आई.” तिनं वर आजोबांच्या नावावर बोट ठेवलं. “सेम नेम, सेम साइन.”

मम म्हणाल्या, “ही खूण कसली?” मी सांगितलं. त्यांनी तक्त्यातली वयं वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. “चाळीस? कुणी सांगितलं तुला?”

“नातवाला त्यांचं नाव दिलं, म्हणजे ते त्याआधीच...”

मम उठल्या आणि ड्रॉवरमधून एक फोटो घेऊन आल्या. फोटोत एक टकले म्हातारे होते आणि त्यांच्या मांडीवर बाळ. बाळाचे कान माझ्या नवऱ्याचे होते. “हे माझे सासरे. बारशाला पहिल्या रांगेत बसले होते. एकाहत्तराव्या वर्षी गेले. आणि त्यांचे वडील, बोटीतून आलेले, ते अठ्ठ्याऐंशी वर्षं जगले, आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या गावातल्या त्यांच्या विहिरीचं कौतुक सांगत. या घराण्यात आजोबा जिवंत असतानाच नाव देतात. प्रत्येक भावाच्या थोरल्याचं तेच नाव. तू त्यांच्याच नावाच्या कुठल्या तरी चुलतभावांना त्यांच्या जागी गाडून ठेवलंस.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी हसायला गेले आणि रडायला लागले.

मम हसल्या नाहीत. “माझ्या नवऱ्याचं मात्र तू बरोबर लिहिलंयस. त्याच्या छातीत आठवडाभर दुखत होतं. मला त्यानं सांगितलं नाही. तू माझ्या मुलाला सांगितलंस का, तू इतकी घाबरली आहेस ते?”

परत येताना गाडीतच सांगितलं. सगळं. या वेळी तो ‘स्वीट ॲज’ म्हणाला नाही.

तपासणीच्या दिवशी त्याच्या हातात फॉर्म होता. वडिलांच्या रकान्यात त्यानं बेचाळीस लिहिलं. “आजोबा?” त्यानं विचारलं. “एकाहत्तर,” मी म्हटलं. एकाहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी, हे आकडे मी मनात घोळवत होते, पण मध्ये ते बेचाळीस होतंच.

नर्सनं दार उघडून त्याच्या आजोबांचं नाव पुकारलं आणि माझा नवरा उठून आत गेला.