दोह्यातला थंड रेडिएटर

नाशिकहून निघताना बाबांनी माझ्या बॅगेत एक कोरी वही टाकली. "आखातात चाललीयस, राबणाऱ्यांबद्दल लिही," म्हणाले. बाबांचा छोटा छापखाना आहे. लहानपणी मी खुळखुळ्याऐवजी मोर्चाची पत्रकं चघळली, असं आई सांगते. दोह्याच्या विमानतळावर आत्याने मात्र वहीकडे पाहिलंही नाही. माझा सुती कुडता बघून तिने आधी शाल गुंडाळली.

"जानेवारी आहे, मुक्ता. इथे वाळवंटालाही हुडहुडी भरते."

मला खरं वाटलं नाही. मग बाहेर आलो आणि शमाल (उत्तरेचा कोरडा वारा) थेट कानात शिरला.

आत्या बिन महमूद नावाच्या वस्तीत राहते, पाचव्या मजल्यावर. खाली शिंपी, केशकर्तनालय आणि करकचं (दाट, वेलदोडा घातलेल्या चहाचं) दुकान. तिथे लोक गाडीतूनच हॉर्न वाजवतात आणि चहा खिडकीपाशी येतो. चहा आणणाऱ्याला भोंग्याने बोलवायचं हे मला पटेना. पहिल्याच संध्याकाळी मी तत्त्व म्हणून चालत गेले. चहावाल्याने काळजीने विचारलं, "गाडी खराब हो गई क्या?"

मला दिलेल्या पाहुण्यांच्या खोलीत या घराचं नवल होतं: लोखंडी फासळ्यांचा, पांढरा रंग दिलेला रेडिएटर. घरमालक तरुणपणी युरोपात शिकायला होता. तिथली आठवण म्हणून त्याने तो बसवून घेतला. आतून गरम पाणी फिरलं की फासळ्या तापतात. आत्याचा खांदा आखडलेला, त्यामुळे दर हिवाळ्यात संध्याकाळी ती त्याला पाठ लावून बसते. यंदा तो थंडच होता. काका असते तर बघितलं असतं, पण ते समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर, पंधरा दिवसांच्या पाळीवर.

"मी करते दुरुस्त," मी म्हणाले. "दुसऱ्याच्या हातांवर किती अवलंबून राहायचं?"

मोबाइलवरच्या व्हिडिओत एका माणसाने समजावून सांगितलं की आत हवा अडकली की रेडिएटर तापत नाही. कडेचा छोटा स्क्रू सैल करायचा, हवा फुस्स करून निघते. मी केला. हवा निघाली आणि तिच्यामागोमाग काळं पाणी आत्याच्या गालिच्यावर.

आत्याची पंधरा वर्षांची रेवा दारात उभी होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "गुड जॉब, ताई. नाऊ इट्स कोल्ड अँड वेट."

मग इमारतीच्या देखभालीचा माणूस आला. गोपाल, नेपाळचा, चाळिशीचा. बूट दाराबाहेर काढून आत आला. पुढच्या आठवड्यात तो दोन वर्षांनी गावी निघाला होता. तिथे नव्या घराचा स्लॅब ओतायचा होता. "मिस्त्री पे भरोसा नहीं, दीदी. सामने खड़ा रहना पड़ता है." मग त्याने रेडिएटरवर हात ठेवून विचारलं, "इस बाथरूम में गरम पानी आता है?"

ती न्हाणी मीच वापरत होते. पण कॉलेजात असताना एका शिबिरात मी थंड पाण्याने आंघोळ करायचं ठरवलं होतं, आणि तेव्हापासून गरम नळाला मी हात लावलेला नाही. हे सांगायला दोन शब्द पुरले असते. मी म्हणाले, "पाणी का सवाल नहीं है, भाईसाहब. सवाल मेंटेनन्स का है."

गोपाल तरी न्हाणीकडे वळला होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, शेजारच्या इमारतीत पाइप फुटला होता. "कल आता हूँ," म्हणून तो पळाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. आत्या खांदा चोळत बसली आणि माझ्यातलं पत्रक जागं झालं. मी देखभालीच्या कंपनीकडे करायच्या तक्रारीचा मजकूर मराठीत लिहिला, रेवा हसत हसत इंग्रजीत भाषांतर करत होती. "ताई, हाऊ डू आय से निर्लज्ज अनास्था?" सगळा रोख कंपनीवर होता. कामगाराविरुद्ध मी एक शब्दही लिहिला नाही. फक्त अर्जाच्या तळाशी एक चौकट होती: संबंधित कर्मचाऱ्याचं नाव. ती भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नव्हता. मी भरली.

शुक्रवारी आत्याने आम्हाला गाडीतून उत्तरेला, अल रुवैसला नेलं. दुतर्फा सपाट, फिकट जमीन आणि शेवटी अचानक बंदर. लाकडी होड्या, आणि धक्क्यावर तारेचे घुमटासारखे पिंजरे (गरगूर, यात मासे धरतात). एक तमिळ मच्छीमार तुटलेली तार वळवत बसला होता. मी त्याला कामाचे तास विचारले.

"मछली को पूछो," तो म्हणाला.

हे वहीत टिपायला मी धक्क्याच्या कडेला टेकले आणि एक लाट माझ्या डोक्यावरून गेली. वहीही भिजली. मासळीभात खाईपर्यंत माझे दात वाजत होते.

घरी येताच आत्या म्हणाली, "आज तुझं तत्त्व बाहेर ठेव आणि कढत पाण्याने आंघोळ कर."

मी गरम नळ सोडला. पाणी थंड. पाच मिनिटं सोडून ठेवला, तरी थंड.

"ओह," रेवा म्हणाली, "दॅट गीझर इज ऑफ सिन्स एप्रिल."

उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. मग लोक गीझर बंद करतात. घरातल्या गारव्यात त्याच्यातलं पाणी निवतं आणि गरम नळाला गार पाणी येतं. डिसेंबरात आत्याने स्वतःचा गीझर चालू केला, पाहुण्यांचा राहिला. रेडिएटर त्याच गीझरवर चालतो, हे फक्त काकांना ठाऊक. बटण न्हाणीच्या दाराबाहेर होतं, वर काकांनी चिकटपट्टी लावून लिहिलेलं: खलास (संपलं). त्याच्याखालच्या खुंटीवर मी रोज टॉवेल टांगत होते.

बटण दाबलं. तासाभरात फासळ्या तापल्या. आत्याने पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "पाहुणीने थंड आंघोळ केली, म्हणून यजमानीण गारठली. लिही हे."

शनिवारी सकाळी गोपाल आला. "सॉरी दीदी, उस दिन पाइप में रात हो गई." रेडिएटरला हात लावून त्याचा चेहरा खुलला. "किसने ठीक किया?"

"गीझर बंद था," मी म्हणाले.

तो हसला नाही. "वही पूछ रहा था," इतकंच म्हणाला. मग कळलं की लेखी तक्रार मिटेपर्यंत त्याची रजा थांबली आहे. स्लॅब गुरुवारी होता.

मी तशीच तळमजल्यावरच्या कार्यालयात गेले. सुपरवायझर केरळचे, मृदू बोलणारे. "मॅडम, इतना अच्छा कंप्लेंट हमने पहले नहीं देखा. मैंने सबको फॉरवर्ड किया."

"वापस लेना है."

"कारण लिखकर दीजिए. आपने वो चार पन्ने लिखा था."

या वेळी मी रेवाला बोलावलं नाही. मोडक्या इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. गीझर आम्हीच बंद ठेवला होता. गोपाल यांनी पाण्याबद्दल विचारलं होतं. उत्तर देताना मी चुकले.

त्यांनी कागद उलटून मागे पाहिलं. "बस इतना?"

"इतनाच."

"इन्शाल्ला, हो जाएगा," ते म्हणाले. त्या शब्दावर दोन दिवस काढणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं. सोमवारी संध्याकाळी गोपाल खांद्यावर बॅग घेऊन लिफ्टपाशी दिसला. त्याने लांबूनच हात केला.

नाशिकला परतल्यावर बाबांनी वही मागितली. समुद्राच्या पाण्याने शाई पसरली होती. मी मोबाइलमधला त्या तीन ओळींचा फोटो दाखवला. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "यात एकही विशेषण नाही," म्हणाले. आमच्या छापखान्यात हे कौतुक असतं की नाही, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

परवा गोपालने फोटो पाठवला. नव्या स्लॅबवर पाणी साचवलंय आणि तो कडेला कमरेवर हात ठेवून उभा आहे. खाली एकच ओळ: दीदी, गीझर चालू है?

थंड पाण्याची आंघोळ मी सोडलेली नाही. पण त्याआधी गरम नळ एकदा सोडून बघते. कुणी विचारलं तर उत्तर माहीत असावं.