मागचं दार नसलेलं जहाज

माझी एक राखाडी पँट चार वर्षं माझ्या भावजींच्या दुकानात पडून होती. कंबर अर्धा इंच सैल करायची, एवढंच काम. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही तिरकं बोललो तर त्याचं मूळ कुठे आहे ते तुम्हाला कळेल.

भावजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. धंदा शिंप्याचा. हात इतका सफाईचा की त्यांनी शिवलेला कोट घातला की वाकलेला माणूससुद्धा ताठ दिसतो. फक्त तो कोट त्याला ज्या समारंभासाठी हवा असतो तो समारंभ तोवर होऊन गेलेला असतो. गिऱ्हाईक दारात दिसलं की भावजींच्या तोंडून आपोआप निघतं, "उद्या या." म्हणून अख्खी गल्ली त्यांना उद्या मास्तर म्हणते.

त्यांच्या दुकानाचं मागचं दार माझ्या स्वयंपाकघरात उघडतं. चिडलेलं गिऱ्हाईक पुढून आत आलं की भावजी मागून बाहेर पडत, ते थेट माझ्या गॅससमोर. मी एकटा माणूस, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. निवृत्तीनंतर निवांत वाचन करायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात निम्मा दिवस ह्या माणसाला चहा पाजण्यात आणि "मास्तर आत्ताच बाहेर गेले" असं खिडकीतून सांगण्यात जायचा.

गिऱ्हाइकंही काही कमी नव्हती. मास्तर उशीर करणार हे धरून प्रत्येकजण समारंभाची तारीख आठ दिवस आधीची सांगायचा. भावजींना हे पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे ते सांगितलेल्या तारखेत मनातल्या मनात आठ दिवस मिळवायचे आणि त्यावर आपला नेहमीचा उशीर करायचे. त्या दुकानात कापड, अस्तर, बटणं सगळं मिळायचं, खरी तारीख तेवढी मिळत नसे.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. भाची समुद्रापलीकडे नोकरीला. लग्न तिकडेच, नोंदणी कार्यालयात, एकोणीस तारखेला. ड्रेस बाबांनी शिवायचा, हे तिचं लहानपणापासूनचं म्हणणं. आता ह्याच बाबांनी तिचा शाळेचा गणवेश पहिली चाचणी परीक्षा झाल्यावर दिला होता आणि तोवर पोरगी फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये शेवटच्या बाकावर बसली होती. ताईला ते आठवत होतं. तिने मुलीला फोनवर बजावलं की बाबांना अकरा तारीख सांग, म्हणजे एकोणीसपर्यंत काहीतरी हाती येईल.

त्यावर भाचीने मला फोन केला. म्हणाली, "मामा, बाबांना सगळे खोटी तारीख सांगतात. मी खरी सांगितली आहे. विकतचा ड्रेस मी घेणार नाही. बाबांचा झाला नाही तर ऑफिसचा कोट घालून उभी राहीन." हे बाबांना वेगळं सांगू नकोस, असंही म्हणाली. आपण त्यांच्याशी खोटं बोलणार नाही हे त्यांना कळतंच, असं तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटलं. इथे आम्ही दोघंही चुकलो.

भावजींनी मोतिया रंगाचं कापड आणलं, कापलं आणि नेहमीप्रमाणे बाजूला ठेवलं. विमानात कात्री आणि सुया हातात ठेवू देत नाहीत हे कळल्यावर त्यांनी जहाजाने जायचं जाहीर केलं. आम्ही तिघं ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. त्याने मोठ्या उत्साहाने तीन जहाजांचे फोटो पुढे ठेवले. पहिल्यावर बर्फावर घसरायचं मैदान होतं आणि ते सात दिवसांत पोचत होतं. दुसऱ्यावर नाटकगृह होतं. तिसरा फोटो एजंटने जरा ओशाळून दाखवला. जहाज जुनं, इंजिन थकलेलं, वाटेत एकही बंदर नाही, तरी पोचायला अकरा दिवस. सातला निघणार, अठराला पोचणार.

"ह्याहून हळू काही आहे का?" भावजींनी विचारलं.

एजंटने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. भावजींचा हिशोब सरळ होता: दुकानात गिऱ्हाईक आहे, समुद्रात नाही, म्हणजे जितके दिवस समुद्रात तितके दिवस शिवण. मग त्यांनी खिशातून टेप काढून फोटोतल्या केबिनचं टेबल मोजायला सुरुवात केली. टेबल फोटोत अडीच इंच भरलं. खरं किती, हे विचारायला एजंटला तीन ठिकाणी फोन करावे लागले. खोली खिडकीची हवी, कारण दिव्याच्या उजेडात मोतिया दोरा आणि पांढरा दोरा ओळखता येत नाही, हे त्यांनी त्याला दोनदा समजावलं. पोहण्याचा तलाव, जेवणाचे सहा हॉल ह्यांबद्दल त्यांनी चकार शब्द विचारला नाही.

निघताना हाताने फिरवायचं शिलाई मशीन बरोबर होतं. ते मी उचललं. इस्त्री मात्र बंदरावरच काढून घेतली, जहाजात आगीच्या भीतीने चालत नाही म्हणे. भावजींनी वाद घातला नाही. स्टीलच्या मगात उकळतं पाणी भरून ते कापडावर फिरवलं की काम भागतं, हे मला तेव्हा कळलं.

पहिला दिवस छान गेला. भावजींनी टेबल खिडकीशी ओढलं, मशीन मांडलं, खडू, कात्री, दोऱ्याची रिळं ओळीने लावली आणि झोपले. संध्याकाळी खोलीत एक चिठ्ठी आली. जहाज पश्चिमेकडे चाललंय, तरी आज घड्याळ एक तास मागे घ्यावं, आणि असं वाटेत सहा वेळा होईल. भावजींनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. इतक्या वर्षांत शिंप्याची अडचण समजणारं कोणीतरी भेटलं, असा त्यांचा चेहरा झाला. चिठ्ठी त्यांनी खिशात जपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला समोर एक निवृत्त दातांचे डॉक्टर बसले होते. तिसरी प्लेट संपवून त्यांनी श्वास घेतला आणि त्यांच्या पँटचं बटण तुटून थेट ताईच्या चहात पडलं. भावजींच्या कॉलरमागे दोरा ओवलेली सुई कायम असते. त्यांनी बटण चमच्याने काढलं, पुसलं आणि डॉक्टरांना उभं करून तिथल्या तिथे लावून दिलं. आजूबाजूच्या चार टेबलांनी हे पाहिलं.

जहाजावर दिवसभर जेवण. माणसं आठला खायची, दहाला खायची, बाराला जेवायची आणि चारला केक खाऊन आज भूकच नाही म्हणायची. पाचव्या संध्याकाळी कप्तानाबरोबर सूटबूट घालून जेवायचं होतं आणि चौथ्या दिवशी निम्म्या जहाजाला आपापल्या पँटा होईनात. आमच्या केबिनपुढे रांग लागली. दार उघडलं की एक पोट, त्यामागे दुसरं पोट. नाही म्हणणं भावजींना जन्मात जमलं नाही. त्यांनी प्रत्येकाला हसून सांगितलं, "उद्या या."

इथे त्यांचं घोडं अडलं. दुकानात उद्या या म्हटल्यावर गिऱ्हाईक घरी जातं. जहाजावर ते घरी जात नाही. ते लिफ्टमध्ये भेटतं, डेकवर शेजारच्या खुर्चीत पडलेलं असतं आणि नाश्त्याला आपल्याच टेबलावर येऊन बसतं. भावजी एकदा सवयीने केबिनचं मागचं दार उघडायला गेले आणि कपाटात शिरले. बाहेर आले तेव्हा डॉक्टर आत येऊन बसले होते. मागे समुद्र, पुढे गिऱ्हाईक. नाइलाजाने त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर काम द्यायला सुरुवात केली. तेवीस पँटा, चार कोट, एका बाईंचे तीन स्कर्ट. सगळं वेळेवर. मोतिया कापड खोक्यात तसंच.

ताईने सांगून पाहिलं, मग बोलून पाहिलं, मग बोलणं सोडलं. ती डेकवर जाऊन समुद्राकडे बघत बसायची. लग्नाला अंगावर चढवायचा तो ऑफिसचा कोट निदान धुतलेला तरी असेल का, एवढंच तिने मला एकदा विचारलं.

आठव्या दिवशी मी संतापून केबिनमध्ये गेलो. भावजी कोणाच्या तरी जॅकेटची चेन बदलत होते. मी म्हटलं, आज चौदा तारीख, लग्न एकोणीसला. त्यांनी शांतपणे दोरा दातांनी तोडला आणि मला समजावलं की एकोणीस म्हणजे सत्तावीस. लोक असंच सांगतात. ताई आईच आहे, मुलीला पढवल्याशिवाय ती राहील का. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ताईने पढवलं होतं," मी म्हटलं. "पोरीने ऐकलं नाही. तिने तुम्हाला खरी तारीख सांगितली आहे."

त्यांनी जॅकेट खाली ठेवलं. "एकोणीस?"

"एकोणीस."

टेप गळ्यातून काढून त्यांनी उगाच बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाले, "मेहुणे, चाळीस वर्षांत मला खरी तारीख कोणी सांगितली नव्हती." त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला एकदम वाईट वाटलं. पँटचा राग मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

त्यानंतरचे तीन दिवस मला विसरता येणार नाहीत, कारण माझा उजवा खांदा अजून दुखतो. मशीनचं चाक मी फिरवत होतो. ताई पाठीवरची बेचाळीस बटणं कापडाने मढवत होती. दारावर भावजींनी स्वतःच्या हाताने पाटी लावली, "दुकान बंद". कोणी ठोठावलंच तर ते आतून म्हणायचे, "नाही." पहिल्यांदा म्हणताना त्यांना ठसका लागला, पण तिसऱ्या वेळेपर्यंत चांगलं जमायला लागलं. दातांच्या डॉक्टरांना तेवढं आत घेतलं, कारण बारीक भोकं शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते खुर्चीत बसून सुयांमध्ये दोरे ओवून द्यायचे आणि सवयीने मला म्हणायचे, दुखलं तर हात वर करा.

दहाव्या दिवशी समुद्र खवळला. टेबल डावीकडे कललं की कात्री निघायची आणि उजवीकडे कललं की मी. भावजी मात्र जहाजाचा झोका धरून टाके घालत होते, एका झोक्याला एक टाका. बाह्या जोडून झाल्या, अस्तर बसलं, बटणं राहिली. शेवटच्या दिवशी दुपारी ते उठून रिसेप्शनवर गेले आणि आज घड्याळ आणखी एक तास मागे घेता येईल का, असं कप्तानाला विचारायला सांगितलं. तिथल्या बाईंनी खरंच फोन लावला. ते आपल्या हातात नाही, सूर्याचं काम आहे, असं वरून उत्तर आलं. भावजी म्हणाले, ठीक आहे, मग एवढ्यातच बसवतो.

बेचाळिसावं बटण लागलं तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. जहाज पोचायला अजून पूर्ण रात्र होती. वेळेच्या आधी काम झाल्यावर काय करतात हे कोणालाच माहीत नव्हतं. भावजी थोडा वेळ ड्रेसकडे बघत बसले, मग चाळा म्हणून त्यांनी खोक्याच्या तळातून एक राखाडी पँट काढली. ती माझी होती.

बंदरावर भाची उभी होती. आम्हाला मिठ्या मारल्या, प्रवासाचं विचारलं, समुद्राचं विचारलं, ड्रेसचं विचारलं नाही. खांद्यावरच्या पिशवीतून ऑफिसच्या कोटाची बाही बाहेर डोकावत होती. भावजींनी खोकं तिच्या हातात दिलं. तिने झाकण थोडंसं उचलून आत पाहिलं आणि परत बंद केलं. मग बंदराच्या मधोमध, हमालांच्या वाटेत, ती खोक्यावर डोकं ठेवून रडली. भावजी घाबरून म्हणाले की कुठे घट्ट वाटलं तर शिलाईत जादा कापड ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात मी चार वर्षांपूर्वीच्या कंबरेची पँट घालून उभा होतो. अर्धा इंच सैल केली होती, ठरल्याप्रमाणे. मधल्या काळात मी तीन इंच वाढलो होतो. फोटोत मी ज्या रुबाबात उभा आहे तो रुबाब नाही, मी श्वास धरून आहे. पण बोलायला मला जागा नव्हती, काम वेळेवर मिळालं होतं.

भाची आली. ड्रेस अंगावर असा बसला होता की ताईने तिला ओळखायला क्षणभर वेळ घेतला. सही व्हायच्या आधी कारकुनाने फॉर्म वर धरला आणि मोठ्याने वाचून विचारलं, "तारीख एकोणीस. बरोबर?"

नवरानवरी मान हलवणार तेवढ्यात मागून भावजी बोलले. टेप अजून त्यांच्या गळ्यातच होता आणि त्याच्या टोकाने ते डोळे पुसत होते.

"खरी आहे," ते म्हणाले. "माझ्या मुलीने सांगितली आहे."

कारकुनाने तशी नोंद केली.