देवाजींचा बसलेला घसा

देवाजी कापगते यांनी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं क्रेनवाल्यांना खालून इशारे दिले. मिलच्या खडखडाटात नुसत्या हातवाऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ते ओरडतही. निवृत्तीनंतरही घरात त्यांनी मीठ मागितलं की सेक्टर २ मधल्या क्वार्टरांच्या अख्ख्या ओळीला कळे.

१९९४ साली गावातल्या लहानशा हिंदी एफएम केंद्राला शुक्रवार संध्याकाळसाठी निवेदक हवा होता. संसारी माणसांसाठी जुनी, शांत गाणी आणि मध्ये दोन-दोन वाक्यं. देवाजींना जुन्या गाण्यांचा भारी नाद, म्हणून ते चाचणीला गेले. नेमका त्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. कार्यक्रम सांभाळणाऱ्या वसुंधरा मॅडमना तो खोल, दबका आवाज इतका आवडला की त्यांनी तिथल्या तिथे निवड करून टाकली.

पहिल्या शुक्रवारपर्यंत घसा मोकळा झाला. "नमस्कार, मैं देवाजी कापगते," एवढं होताच काचेपलीकडच्या मॅडमनी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

गाणं सुरू झाल्यावर त्या आत आल्या. "देवाजी, हळू बोला."

"हळूच तं बोलून राहिलो, मॅडम."

मॅडमनी त्यांची खुर्ची माइकपासून मागे सरकवली. पुढच्या शुक्रवारी आणखी मागे. तिसऱ्या शुक्रवारी देवाजी भिंतीला टेकले होते. त्या आठवड्यात जवळच्या जामुलहून पत्र आलं : 'गाणी छान असतात. पण मधला माणूस कोणावर रागावला आहे?'

देवाजींना ते फार लागलं. त्यांनी ठरवलं, घसा परत बसवायचा. भर जानेवारीत ते थंडगार दही खाऊ लागले, पहाटे डोक्यावरून गार पाणी घेऊ लागले, खिडक्या सताड उघड्या ठेवून झोपू लागले. आठ दिवसांत घसा बसला, पण त्यांच्या बायकोचा, सिंधुताईंचा.

"कावून करून राहिले असं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

देवाजींनी पत्र पुढे केलं. सिंधुताईंनी ते दोनदा वाचलं, शिंकल्या आणि म्हणाल्या, "तुमी मले दुसऱ्यांदा चहा मांगता नं, तवा कसे बोलता?"

देवाजी विचारात पडले. पहिला चहा ते हुकमाने मागत. दुसऱ्याच्या वेळी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून, मान जराशी तिरकी करून, "अवो, ऐकता का..." असं म्हणत.

"तसंच बोला रेडिओवर," सिंधुताई म्हणाल्या.

त्या शुक्रवारी देवाजी माइकसमोर मान तिरकी करून बसले आणि सिंधुताई हातात पातेलं घेऊन समोर उभ्या आहेत असं त्यांनी मनात आणलं. मॅडमनी हेडफोन काढला नाही. उलट खुर्ची पुढे घ्यायची खूण केली.

महिनाभरात पत्रांचा ढीग लागला. कॅम्प-१ वस्तीतल्या रंभाबाईंनी लिहिलं, 'हे भाऊ बोलू लागले की मी आपोआप उठून गॅस पेटवते. का, ते समजत नाही.'

देवाजींनी तो कार्यक्रम चार वर्षं केला. ओळीतल्या बायका सिंधुताईंना विचारत, "भाऊजी घरीही इतकंच गोड बोलतात का वो?"

"बोलतात नं," सिंधुताई म्हणत, "दिवसातून एकदा."