जुन्या डिस्कमधले मेंदीचे फोटो

समोरच्या ब्लॉकमधल्या भाभी आणि मी एकमेकींच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरायचो. त्यांचे यजमान कुवेतला, माझे बदल्यांमुळे कधी चिपळूण तर कधी गुहागरला. त्यांच्या थोरल्या मुलीच्या मेंदीला आत फक्त बायका होत्या. बाहेरच्या फोटोग्राफरला आत घ्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून फोटो मी काढले, माझ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर. सीडी करून देते म्हटलं, तर भाभी नको म्हणाल्या. सीडी कुणाच्याही हाताला लागते. फोटो माझ्या कम्प्युटरमध्येच राहिले. लेकीची आठवण आली की त्या येत आणि पडद्यासमोर बसून बघत.

मग एका आश्विनात विजांचा असा गडगडाट झाला की आमचा कम्प्युटर गेला. दुकानदाराने तो चार-पाच दिवस ठेवून घेतला आणि मदरबोर्ड जळालाय असं सांगून परत दिला. त्यापेक्षा लॅपटॉप घेतलेला बरा, असं आम्ही ठरवलं. जुना डबा माळ्यावर गेला.

काही महिन्यांनी भाभींचं येणं कमी झालं. जिन्यात भेटल्या तरी हसत, पण थांबत नसत. शेवटी मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय झालंय भाभी? माझं काही चुकलं का?"

त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं आणि मोबाइल पुढे केला. त्यात त्यांची लेक होती. डोक्यावर ओढणी नाही, मेंदीचे हात पुढे केलेले, मोकळी हसणारी.

"बंदरावर मिरकरवाड्यात कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फिरतोय. माझ्या चुलतभावाच्या बायकोने ओळखला म्हणून कळलं. मुलीच्या सासरी अजून कुणाला ठाऊक नाही." मग खाली बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमचा कम्प्युटर दुकानात होता ना?"

घरी येईपर्यंत मी दुकानदाराचा चेहरा आठवत होते. कम्प्युटर परत देताना तो हसला होता. तेव्हा ते साधं वाटलं होतं, आता वाटेना. पण मनात आणखी एक गोष्ट टोचत होती. भाभींनी दुकानाचं नाव काढलं खरं, पण बघत होत्या त्या माझ्याकडे.

तो फोटो माझाच आहे का, एवढं तरी बघायलाच हवं होतं. फोटो माळ्यावरच्या कम्प्युटरच्या डिस्कमध्ये होते, पण ती पुन्हा कुणा दुकानात द्यायला आमच्यापैकी कुणीच तयार नव्हतं. पुण्यात माझा भाऊ कम्प्युटरचंच काम करतो. त्याने कुरियरने एक केबल पाठवली. तिचं एक टोक डिस्कला, एक लॅपटॉपला, आणि सोबत विजेचा वेगळा अडॅप्टर.

"तो अडॅप्टर विसरू नकोस," फोनवर तो म्हणाला. "मोठी डिस्क लॅपटॉपच्या विजेवर फिरत नाही. आधी लोखंडाला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरेल, मग डिस्क काठाने धर. खालच्या हिरव्या पट्टीला बोट लागू देऊ नको. आणि फिरायला लागली की हलवायची नाही."

रविवारी सकाळी भाभी आल्या. चहा नको म्हणाल्या. मी खिडकीच्या गजाला हात लावला, डब्यातून डिस्क काढली आणि पोळपाटावर सपाट ठेवली. केबल लावली, अडॅप्टर लावला, बटण दाबलं. आतून बारीक घरघर आली. लॅपटॉपवर मात्र काहीच दिसेना.

"पुसून टाकलं असेल त्याने," भाभी म्हणाल्या. त्याने म्हणजे दुकानदाराने की आमच्या घरातल्या कुणी, ते मी विचारलं नाही.

भावाला फोन लावला. सगळं बंद कर, घरघर थांबू दे, मग डिस्कच्या मागच्या पिनांवरच्या बारीक टोपीची जागा बदल, असं त्याने सांगितलं. कुठे बसवायची, त्याचं चित्र डिस्कच्याच लेबलवर होतं. भुवया कोरायच्या चिमट्याने मी ती काढून बसवली. पुन्हा बटण दाबलं, आणि या वेळी डिस्क दिसली. आधी व्हायरस तपासून घेतला. मग फोल्डर उघडला.

फोटो सगळे होते. भाभी मोबाइल पडद्याशेजारी धरून एकेक बघत होत्या. तेच कपडे, तेच हसू, पण मोबाइलमधला फोटो माझ्या एकाही फोटोशी जुळेना. त्यात मुलीच्या मागे खिडकी होती. मी तर समोर बसले होते, माझ्या सगळ्या फोटोंत मागे भिंत.

मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्यात भाभींनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा मोठा करा."

मुलीच्या डाव्या हाताला, बायकांच्या घोळक्यात, पोपटी ओढणीतली एक बाई हातातला मोबाइल मुलीवर रोखून उभी होती. तिच्या बाजूने पाहिलं तर मुलीच्या मागे खिडकीच येत होती.

"नणंद माझी," भाभी म्हणाल्या. "तिने मुद्दाम पाठवला नसेल. कौतुकाने कुणाला तरी दाखवला असेल."

"विचाराल ना तिला?"

"कसं विचारू? कुवेतला तिच्या भावाच्या कानावर जाईल, घर फुटेल." मग त्या म्हणाल्या, "तो फोटो पुसून टाका वहिनी."

"अहो, हाच एक पुरावा आहे."

"म्हणूनच."

मी पुसला. पुसलेलं परत काढता येतं का, असं त्यांनी विचारलं, आणि मला खोटं बोलवेना. काढता येतं, असं भाऊ म्हणाला होता. तेव्हा त्यांनी डिस्कच मागितली. मी माझ्या फायली लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. नुसत्या माझ्याच आहेत ना, हे त्या शेजारी बसून बघत होत्या. लॅपटॉपवरून डिस्क नीट सोडवली, बटण बंद केलं, घरघर थांबल्यावर जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांना दिली. पुढे तिचं काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

ईदला शीरखुर्मा पूर्वीसारखाच आला. जाणंयेणंही हळूहळू सुरू झालं. तो फोटो मुलीच्या सासरी पोचला की नाही, मला कधी कळलं नाही.

दोन वर्षांनी धाकटीचं लग्न ठरलं. मेंदीला मी कॅमेरा नेलाच नाही. दाराशी भाभी स्वतः परडी घेऊन उभ्या होत्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीचा मोबाइल ठेवून घेत होत्या. माझ्यापुढे त्यांची नणंद होती. तिने हसत मोबाइल परडीत टाकला. मागून मी गेले. मला वाटलं, मला तशाच आत जा म्हणतील. भाभींनी परडी माझ्याही पुढे धरली.